साथ, निर्बंध आणि लोकमत : रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भातील एक ऐतिहासिक अभ्यास (१८९६-९८ व २०२०)

प्रस्तावना

साथीच्या रोगांचा इतिहास हा केवळ वैद्यकशास्त्राचा इतिहास नसतो. रोग पसरू लागला की शासन नियम करते, नियमांमुळे लोकांच्या घरात, प्रवासात, सणवारात आणि उपजीविकेत हस्तक्षेप होतो आणि या हस्तक्षेपाच्या योग्यायोग्यतेविषयी समाजात उघड मतभेद निर्माण होतात. या मतभेदांची नोंद घेताना ‘नियम पाळणारे सुजाण’ आणि ‘नियम मोडणारे अडाणी’ अशी सोपी विभागणी पुष्कळदा केली जाते. परंतु साधनांकडे बारकाईने पाहिले असता ही विभागणी टिकत नाही. नियम असावा की नसावा यापेक्षा तो कोणी राबवावा, कोणाच्या दारात राबवावा आणि त्याचा भार कोणी उचलावा हेच वादाचे खरे मुद्दे असतात.

प्रस्तुत निबंधात रत्नागिरी जिल्ह्याशी निगडित अशा दोन प्रसंगांचा विचार करण्यात आला आहे. पहिला प्रसंग १८९६ ते १८९८ या काळातील प्लेगचा असून दुसरा २०२० मधील कोरोना साथीचा आहे. या दोहोंना जोडणारा एक कायदेशीर धागाही आहे. प्लेगच्या काळात ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेला साथरोग प्रतिबंधक कायदाच महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० मध्ये लागू केला. १२३ वर्षांच्या अंतराने एकाच कायद्याच्या छायेत एकाच प्रदेशातील लोकांनी काय वाद घातला, हे पाहणे उद्बोधक ठरते.

मुंबई आणि रत्नागिरी : दोन घरांचे कुटुंब

या विषयाची पार्श्वभूमी समजण्यासाठी मुंबई व रत्नागिरी यांचे नाते लक्षात घेणे आवश्यक आहे. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्हा मंडणगडपासून थेट दक्षिण कोकणापर्यंत पसरलेला होता. डोंगराळ जमीन, भाताचे तुटपुंजे पीक आणि खोतीच्या पद्धतीखाली पिचलेली कुळे यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील तरुण मोठ्या संख्येने मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, पोलीस दलात व घरकामात शिरले. मुंबईच्या गिरणी कामगारांचा पुरवठा करणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीचे स्थान अग्रभागी होते.

मात्र हे स्थलांतर कायमचे नव्हते. पुरुष मुंबईत, कुटुंब गावी, आणि शिमगा, गणपती व पेरणी यांसाठी परत येणे, असा या जीवनाचा क्रम होता. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू होण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे हा प्रवास प्रथम गलबतांतून व आगबोटींतून आणि पुढे एस.टी.च्या गाडीतून होत असे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग ही बंदरे म्हणजे या दुहेरी संसाराची दारे होती. अशा समाजात ‘आहात तेथेच थांबा’ हा नियम साधा राहत नाही. आपले घर नेमके कोणते, मुंबईची खोली की गावचे घर, हा प्रश्न त्या नियमाबरोबरच उपस्थित होतो.

मुंबईतील प्लेग व कामगारांचा प्रतिकार

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी महापालिकेने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा अधिकार देणारा हुकूम काढला. त्याच महिन्यात, २९ ऑक्टोबर रोजी, सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर चाल केली. दुसऱ्याच दिवशी हुकमाची अंमलबजावणी सौम्य करण्यात आली.

या घटनेकडे केवळ अज्ञानातून झालेला दंगा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. रुग्णालयात गेलेला माणूस बहुधा परत येत नसे, हा कामगारांचा अनुभव होता. जातीचे आचार, स्त्रियांचा पडदा, मृताचे अंत्यसंस्कार आपल्या रीतीने होतील की नाही याविषयीची धास्ती, आणि मुकादमाच्या कृपेवर चाललेली नोकरी या सर्वांचा त्या भीतीशी संबंध होता. शिवाय रोग कसा पसरतो हे त्या वेळी वैद्यकालाही ठाऊक नव्हते. उंदरांवरील पिसवांचा संबंध पॉल-लुई सीमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविला व तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. म्हणजे ज्या उपायांसाठी सक्ती केली जात होती, त्यांपैकी काहींचा शास्त्रीय पाया कच्चा होता.

सक्तीला दुसरे उत्तर होते ते पळून जाण्याचे. १८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २२ हजार होती. १८९७ च्या आरंभीपर्यंत तिच्या निम्म्याच्या आसपास लोकांनी शहर सोडल्याचे समकालीन अंदाज आहेत. गिरण्यांना कामगार मिळेनात. एरवी महिन्याची मजुरी थकवून कामगाराला बांधून ठेवणाऱ्या मालकांना त्या दिवसांत रोजच्या रोज पैसे मोजावे लागले. रेल्वे स्थानकांवर व बंदरांवर उतारूंची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. गावी परतणारा कोकणी कामगार प्रथमच ‘संशयित’ ठरला तो या टप्प्यावर.

पुण्यातील प्लेग : टिळक व गोखले यांच्या भूमिका

फेब्रुवारी १८९७ मध्ये नवा कायदा झाल्यानंतर पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमण्यात आली. मार्चच्या मध्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत गोऱ्या सैनिकांकरवी घरांची झडती घेण्यात आली. देवघरात व स्वयंपाकघरात बुटांनी शिरणे, सामान जाळणे, स्त्रियांची उघड्यावर तपासणी करणे यांविषयीच्या तक्रारींनी शहर ढवळून निघाले. २२ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट यांचा तत्काळ आणि रँड यांचा ३ जुलै रोजी मृत्यू झाला. चापेकर बंधूंनी त्याची किंमत फाशीने चुकविली.

या काळातील सार्वजनिक वादात ज्या दोन नेत्यांच्या भूमिका महत्त्वाच्या ठरल्या, ते दोघेही रत्नागिरी जिल्ह्याचे होते. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला, तर गोपाळ कृष्ण गोखले यांचा ९ मे १८६६ रोजी गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे.

टिळकांची भूमिका नंतरच्या प्रचारात पुष्कळदा एकांगी मांडली जाते. त्यांनी विलगीकरणाला तत्त्वतः विरोध केला नव्हता. रोग्यास वेगळे ठेवणे आवश्यक आहे हे त्यांना मान्य होते आणि हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. साथ भरात असता पुण्यातून निघून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी ‘केसरी’तून टीका केली आणि ते स्वतः शहरातच राहिले. त्यांचा आक्षेप होता तो सैनिकांकरवी होणाऱ्या अंमलबजावणीला आणि लोकांच्या तक्रारी ऐकून न घेणाऱ्या अधिकाऱ्यांना. अशा रीतीने नियमाचा हेतू मान्य करून त्याच्या पद्धतीशी झगडण्याची एक मधली जागा त्यांनी निर्माण केली. शासनाला मात्र ही जागा मान्य नव्हती. २७ जुलै १८९७ रोजी त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली व सप्टेंबरमध्ये १८ महिन्यांची शिक्षा सुनावण्यात आली.

गोखले त्या वेळी वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथील वृत्तपत्रात सैनिकांच्या अत्याचारांविषयी निवेदन केले. त्यात दोन स्त्रियांवर बलात्कार झाल्याचा आरोप होता. मायदेशी परतल्यावर मात्र या आरोपास आवश्यक तो पुरावा त्यांना मिळू शकला नाही. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे त्यांना शक्य नव्हते. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली. या माफीमुळे त्यांच्यावर स्वकीयांकडूनच कठोर टीका झाली आणि काही काळ त्यांच्या सार्वजनिक जीवनावर तिची छाया राहिली. त्यानंतर मात्र त्यांनी पुण्यातील प्लेगनिवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून भाग घेतला.

या दोन भूमिकांतील भेद केवळ जहाल-मवाळ अशा संज्ञांनी स्पष्ट होत नाही. टिळकांनी पद्धतीवरील टीका हा आपला हक्क मानला व त्यासाठी तुरुंगवास पत्करला. गोखल्यांनी, सिद्ध न होणारा आरोप मागे घेणे हे आपले कर्तव्य मानले व त्यासाठी लोकनिंदा पत्करली. साथीच्या काळात नियमांची चिकित्सा करू इच्छिणाऱ्या समाजाला या दोन्ही गोष्टींची गरज असते.

सक्तीचा हा मार्ग फार काळ टिकला नाही. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत घरझडतीवरून पुन्हा दंगल उसळली. हळूहळू सरकारने सक्तीच्या झडत्या व विलगीकरण यांपासून माघार घेतली आणि लोकांच्या सहकार्यावर, तसेच हाफकिन यांच्या लशीच्या ऐच्छिक वापरावर भर देण्याचे धोरण स्वीकारले. प्लेग मात्र पुढे अनेक वर्षे राहिला. टिळकांचे ज्येष्ठ चिरंजीव विश्वनाथ हे १९०३ मध्ये प्लेगनेच दगावले.

२०२० : गावाची वेस आणि चाकरमानी

२२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू आणि २५ मार्चपासूनची देशव्यापी टाळेबंदी यांमुळे मुंबई-कोकण हा शतकाहून अधिक काळ वाहता असलेला प्रवाह एकाएकी थांबविण्यात आला. साथरोग कायद्याखालील आदेशाचा भंग हा तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ नुसार शिक्षापात्र होता. जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या आणि प्रवासासाठी ई-पास आवश्यक ठरला. मुंबई-गोवा महामार्गावरील कशेडी घाट हा रत्नागिरी जिल्ह्याचा उंबरठा बनला. पूर्वी बंदरावर होणारी तपासणी आता घाटमाथ्यावरील नाक्यावर होऊ लागली.

गावपातळीवर सरपंचांच्या पुढाकाराखाली ग्रामकृती दले स्थापन झाली. बाहेरून येणाऱ्यांची नोंद करणे, त्यांना शाळेत किंवा घरात अलग ठेवणे, त्यांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था पाहणे ही कामे या दलांकडे, आशा सेविकांकडे आणि अंगणवाडी सेविकांकडे आली. काही ठिकाणी गावकऱ्यांनी वेशीवर बांबू व झाडांच्या फांद्या टाकून रस्ते अडविले. १८९७ मध्ये सैनिक परका होता. २०२० मध्ये वेशीवर उभा असलेला माणूस हा येणाऱ्याचा भावकीतला, वाडीतला, कधी चुलत भाऊच होता. दोन प्रसंगांतील हा मूलभूत फरक होय.

गावात राहणाऱ्यांची बाजू दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. तरुण मुंबईस असल्याने गावांत वृद्धांचे प्रमाण मोठे होते. जिल्ह्यातील बहुसंख्य वाड्यांपासून अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय दूर होते. आरंभी घशातील स्रावांचे नमुने तपासणीसाठी जिल्ह्याबाहेर पाठवावे लागत. रत्नागिरीत तपासणीची प्रयोगशाळा सुरू झाली ती जून २०२० मध्ये. त्यातच ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांतील घरांची कौले व पत्रे उडविले, बागा उद्ध्वस्त केल्या. जेथे घरातल्यांनाच छप्पर राहिले नाही, तेथे येणाऱ्यासाठी वेगळी खोली कोठून आणावी, असा प्रश्न होता.

मुंबईतून येणाऱ्यांचीही बाजू तितकीच सबळ होती. चाळीतील दहा बाय दहाच्या खोलीत, सामाईक शौचालय वापरणाऱ्या कुटुंबाला ‘घरी राहा, अंतर ठेवा’ हा उपदेश पाळता येणेच अशक्य होते. रोजगार बंद पडला होता. गावचे घर त्यांच्या नावावर होते. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, पाण्याची योजना यांना मुंबईतील ग्रामस्थ मंडळांनी वर्षानुवर्षे वर्गणी पुरविली होती. ज्या गावाच्या अडीनडीला आपण धावलो त्या गावाने आपल्यालाच रोगाचे वाहक म्हणून वेशीवर थांबवावे, ही त्यांची व्यथा होती.

गणेशोत्सव व विलगीकरणाच्या दिवसांचा वाद

या वादाचा कळस २०२० च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर झाला. गणेश चतुर्थी २२ ऑगस्ट रोजी होती. कोकणात हा सण घराचा, भावकीचा आहे. मूर्ती मूळ घरी बसते आणि तिच्यापुढे विखुरलेले कुटुंब एकत्र येते. त्यामुळे मुंबईतील सार्वजनिक उत्सव स्थगित करणे जितके शक्य होते, तितके हे शक्य नव्हते. लालबागच्या मंडळाने त्या वर्षी मूर्तीची प्रतिष्ठापना न करता आरोग्योत्सव साजरा केला आणि तो निर्णय सर्वत्र वाखाणला गेला. परंतु गावच्या घरातील गणपती कोणी व कसा स्थगित करावयाचा, हे ठरविणारे मंडळ नव्हते.

वादाचा विषय झाला तो विलगीकरणाच्या दिवसांचा. रोगाचा अधिशयन काळ १४ दिवसांपर्यंत असू शकतो हे गृहीत धरून १४ दिवसांची अट प्रचलित होती व अनेक गावांचा तिच्याबाबत आग्रह होता. ही अट पाळावयाची तर चाकरमान्यांनी ७-८ ऑगस्टपर्यंत गावी पोहोचणे भाग होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात राज्य शासनाने, तत्कालीन परिवहन मंत्री व रत्नागिरीचे पालकमंत्री अनिल परब यांच्यामार्फत, तोडगा जाहीर केला. विलगीकरण १० दिवसांचे करण्यात आले. १२ ऑगस्टपर्यंत पोहोचणाऱ्यांना ही मुदत लागू झाली व त्यानंतर येणाऱ्यांना कोरोना चाचणी आवश्यक ठरली. एस.टी.ने येणाऱ्यांना ई-पासची गरज राहिली नाही, मात्र एका गाडीत २२ प्रवाशांचीच मर्यादा होती. खासगी वाहनांना ई-पासची अट कायम राहिली.

या तोडग्याचे गणित लक्षणीय आहे. १२ तारखेत १० दिवस मिळविले की नेमकी २२ तारीख, म्हणजे चतुर्थी येते. वैद्यकीय मुदत आणि पंचांग यांची येथे सांगड घालण्यात आली. टीकाकारांच्या मते हा लोकानुनय होता. समर्थकांच्या मते, जो नियम लोक पाळू शकतील तोच उपयोगी नियम होय. दोन्ही मतांत तथ्य होते. तथापि या वादात एक तिसरा मुद्दा काहीसा मागे पडला. दहा दिवस विलगीकरण, त्यापुढे सण आणि परतीचा प्रवास मिळून किमान दोन आठवड्यांची रजा लागत होती. ज्याची नोकरी कायम होती किंवा ज्याला घरून काम करता येत होते, त्यालाच हे परवडणारे होते. रोजंदारीवर जगणाऱ्याला नियम मोडणे किंवा सण सोडणे हे दोनच पर्याय उरले. नियम कागदावर सर्वांना सारखा होता, त्याचा भार मात्र सारखा नव्हता. राज्यातील आंतरजिल्हा प्रवासासाठीची ई-पासची अट २ सप्टेंबर २०२० पासून उठविण्यात आली, तोपर्यंत अनंत चतुर्दशीही उलटून गेली होती.

तौलनिक विचार

दोन्ही प्रसंगांत काही साम्ये स्पष्ट दिसतात. दोन्ही वेळी रोगाबरोबर मुंबईहून गावाकडे लोंढा निघाला आणि परतणारा माणूस संशयाचा विषय झाला. दोन्ही वेळी घर, देवघर व सण ही अंमलबजावणीची सर्वांत नाजूक स्थाने ठरली. दोन्ही वेळी बहुसंख्य विरोधकांनी रोग नाकारला नव्हता, नियमाच्या पद्धतीला व वाटपाला हरकत घेतली होती.

भेदही तितकेच महत्त्वाचे आहेत. १८९७ चे सरकार परकीय होते व त्याला लोकमताचे उत्तरदायित्व नव्हते. त्यामुळे तेथे तक्रारीचा शेवट राजद्रोहाच्या खटल्यात झाला. २०२० मध्ये सरपंच, आमदार व पालकमंत्री यांना दोन्हीकडील लोकांना उत्तर द्यावे लागत होते, म्हणून वादाचा शेवट दिवसांच्या वाटाघाटीत झाला. दुसरे असे की प्लेग प्रामुख्याने पिसवांमार्फत पसरत असल्याने माणसांची झडती व ताटातूट हा अपुरा उपाय होता, तर कोरोना माणसाकडून माणसाकडे श्वासावाटे पसरत असल्याने अंतर राखण्याला भक्कम आधार होता. म्हणून १८९७ च्या प्रतिकाराचा गौरव करून तोच न्याय २०२० मधील प्रत्येक नियमभंगाला लावणे इतिहासाला धरून होणार नाही. तसेच, २०२० च्या नियमांना शास्त्रीय आधार होता एवढ्यावरून त्यांची अंमलबजावणी न्याय्य होती, असाही निष्कर्ष काढता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की साथीच्या काळातील नियमपालन ही केवळ शिस्तीची बाब नसून विश्वासाची बाब आहे. आपल्यावर घातलेले बंधन इतरांवरही तितकेच आहे, तक्रार ऐकली जाईल आणि अलग ठेवलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडले जाणार नाही, अशी खात्री असेल तर लोक कठीण नियमही पाळतात. ती नसेल तर सैनिकही ते पाळायला लावू शकत नाहीत, हे पुण्यातील व मुंबईतील घटनांनी दाखविले.

रत्नागिरीच्या संदर्भात आणखी एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. १८९७ मधील झडत्यांचे व्रण परकीय सत्तेविरुद्धच्या रोषात मिसळून गेले आणि राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासाचा भाग झाले. २०२० मध्ये वेशीवर झालेल्या बोलाचालीला असा मार्ग उपलब्ध नव्हता, कारण अडविणारा व अडविला गेलेला हे एकाच भावकीचे, एकाच देवळाचे मानकरी होते. तो दुरावा भरून काढण्याचे काम कोणत्याही आदेशाने होण्यासारखे नव्हते. ग्रामकृती दलांच्या नोंदवह्या, ग्रामपंचायतींचे ठराव, मुंबईतील ग्रामस्थ मंडळांची इतिवृत्ते आणि आशा सेविकांचे अनुभव ही या काळाची मौलिक साधने आहेत. गावच्या दप्तरात वाळवी लागण्यापूर्वी ती संकलित करणे, आणि त्या संकलनात वेशीच्या दोन्ही बाजूंचे म्हणणे नोंदविणे, हे जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज हाती घेता येण्याजोगे व पुढील साथीच्या वेळी उपयोगी पडणारे कार्य ठरेल.